गाव कंचं?

दोस्तांनो, नव्या वर्गात नवे सर आले की पहिल्या दिवशी तीन गोष्टी हमखास विचारतात. नाव काय, वडील काय करतात आणि गाव कोणतं. पहिल्या दोन प्रश्नांना मी कधी अडखळलो नाही. तिसरा प्रश्न आला की मात्र माझी गाडी अडायची. आणि खरं सांगू का, साठीला आलो तरी अजून अडते.

का अडते ते सांगतो. पण आधी भूगोलाच्या पुस्तकातला भारताचा नकाशा उघडा बरं. उजव्या बाजूला, बंगालच्या उपसागरात, ठिपक्यांची एक उभी माळ दिसेल. वरचे ठिपके म्हणजे अंदमान, खालचे निकोबार. त्या माळेतला अगदी शेवटचा, जरा ठसठशीत ठिपका म्हणजे ग्रेट निकोबार. बोट तसंच आडवं डावीकडे नेलंत तर कन्याकुमारी वर राहते, इतका तो दक्षिणेला आहे. तिथून चेन्नई दीड हजार किलोमीटरांहून लांब, आणि इंडोनेशियाचं सुमात्रा बेट मात्र त्यापेक्षा कितीतरी जवळ.

त्या ठिपक्यावर मी दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत राहिलो. आणि जन्मलो कुठे? सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल तर त्याला माण म्हणजे काय ते सांगायला नको. पाऊस आला तर आला, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचं.

१९७२ साली तर तो आलाच नाही. त्या दुष्काळाबद्दल तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते तुम्हाला तासभर सांगत बसतील. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. ते सुट्टीवर आले तेव्हा आई घरात नव्हती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. मी सात वर्षांचा, तिच्याशेजारी दगडावर बसून सुकडी खात होतो. आबा गणवेशातच तिथे आले आणि काही न बोलता आईच्या हातातला हातोडा घेऊन खडी फोडायला लागले. संध्याकाळपर्यंत फोडत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

१९७५ मध्ये आबा निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांना एका सरकारी योजनेची माहिती मिळाली. देशाच्या त्या शेवटच्या बेटावर आपली माणसं राहिली पाहिजेत, आणि तीही शिस्तीची, कष्टाला न घाबरणारी हवीत, म्हणून निवृत्त सैनिकांना तिथे जमीन देऊन वसवायचं असं सरकारनं ठरवलं होतं. १९६९ पासून १९८० पर्यंत अशी सुमारे ३३० कुटुंबं तिथे गेली. आधी पंजाबी, मग महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र इथली. जमीन दहा एकरांच्या वर! माणमध्ये आमची होती अडीच एकर, आणि त्यातही निम्मा माळ.

आबांनी घरात सांगितलं तेव्हा आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "काळ्या पाण्यावर गुन्हेगार धाडत्यात. आपुन काय केलंय?"

आबा म्हणाले, "आता धाडत न्हाईत. आता जमीन देत्यात."

"मंग तिथलं पानी गोरं झालं का?"

यावर आबांकडे उत्तर नव्हतं. पण महिन्याभरात आमची ट्रंक भरलेली होती. भांडी, अंथरूण, आबांची मेडलं, आणि आईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेली शाळूची बी. शाळू म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. आई म्हणाली, जमीन कुठलीही असू दे, भाकरी आपलीच खायची.

मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, तीन-साडेतीन दिवस जहाज. आम्ही कुणीच त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. आई पूर्ण वेळ लिंबू नाकाशी धरून आडवी होती. मग पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे). तिथे पुढच्या जहाजाची वाट बघत आम्ही थांबलो. आबांनी मला सेल्युलर जेलच्या भिंती बाहेरूनच दाखवल्या. "सावरकर हितं व्हते," एवढंच म्हणाले, आणि टाच जुळवून उभे राहिले. मीही उभा राहिलो. तिथून आणखी दक्षिणेला, वाटेतल्या बेटांवर थांबत थांबत, शेवटी कॅम्पबेल बे. ग्रेट निकोबारचं ते बंदर, बाजार, कचेरी, सगळं काही तेच. तिथून समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला एक रस्ता जातो. सीमा सडक संघटनेच्या 'यात्रिक' प्रकल्पानं तो जंगलातून काढला होता. त्या रस्त्यावर सैनिकांच्या वसाहती, नावं अशी: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. अशी नावं ऐकून मला वाटलं होतं, मोठी शहरं असतील. प्रत्यक्षात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि जंगल, आणि मध्ये पट्टीएवढ्या जागेत लांब लांब घरं.

आम्ही पोचलो त्या रात्री पाऊस सुरू झाला. आई झोपेतून उठली, दार उघडलं आणि होती नव्हती ती सगळी भांडी बाहेर काढून पागोळ्यांखाली लावली. हंडा, कळशी, परात, तांब्या, अगदी माझा पितळी पेलासुद्धा. भरलं की ओतायला दुसरं भांडं नाही, म्हणून ती भरलेल्या हंड्याकडे बघत उभी राहिली. पाणी काठावरून वाहून चाललं होतं. आबा म्हणाले, "अगं, नीज आता. सकाळीबी येनार हाय."

"सकाळचं कुनी बघितलंय?" आई म्हणाली.

सकाळीही पाऊस होता. दुसऱ्या दिवशीही होता. त्या बेटावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माणच्या पाच-सहा पट. तरी पहिलं वर्षभर आई पाऊस लागला की भांडी बाहेर लावायचीच. शेजारच्या पंजाबी बायका हसायच्या. वाहून जाणारं पाणी तिला बघवायचंच नाही.

तिथल्या काही गमती तुम्हालाही करून बघता येतील. संध्याकाळी घड्याळात पाच-साडेपाच वाजले की तिथे अंधार! कारण काय, सगळ्या भारताचं घड्याळ एक, पण सूर्य काही घड्याळ बघून चालत नाही. ग्रेट निकोबार माणच्या इतकं पूर्वेला आहे की तिथे सूर्य सव्वा तासाहून आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. आणि ध्रुवतारा? आजीनं मला अंगणात बसून दाखवलेला ध्रुव चांगला वर होता. बेटावर शोधला तर सापडेना. शेवटी आबांनी समुद्रकाठी नेऊन दाखवला. क्षितिजाला टेकल्यासारखा, अगदी खाली. जिथे उभे असाल तिथले अक्षांश जितके, तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. हात समोर ताठ धरून मूठ वळली की मुठीची रुंदी होते साधारण दहा अंश. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. आमच्याकडे एक मूठसुद्धा नव्हता. मला तेव्हा ध्रुवाचं फार वाईट वाटलं होतं. अढळपद मिळालं म्हणतात आणि इथे बुडायला आलाय!

आता शाळूचं सांगतो. आईनं घराजवळचा तुकडा स्वतः साफ केला आणि फडक्याची गाठ सोडली. शाळू असा तरारून वर आला की काय सांगू, माझ्या डोक्यावरून गेला. आई रोज त्याच्याशी बोलायची. कणसं आली. आणि मग पाऊस. दाणे चिकात असतानाच काळे पडले, बुरशी धरली. कणीस हातात घेतलं की बोटं काजळीसारखी व्हायची. आईनं एकही कणीस फेकलं नाही. सगळी निवडून पाहिली. ओंजळभर दाणे निघाले, तेही पोचट. तिनं ते परत त्याच फडक्यात बांधले आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवले.

त्या दिवशी रात्री तिनं तांदळाच्या पिठाची भाकरी केली. "कोकनातली मानसं खात्यात म्हनं," असं म्हणून ताटात टाकली. मला ती आवडली, पण तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी मात्र लवकर रुळलो. मुलं रुळतातच. शाळा हिंदीतून, आणि वर्गात पंजाबी, तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि आम्ही काही मराठी. भांडण हिंदीत, पण मार लागला की रडणं ज्याच्या त्याच्या भाषेत! शेजारचे निवृत्त सुभेदार साहेब आबांपेक्षा वयानं मोठे, म्हणून त्यांना आम्ही तायाजी म्हणायचो. पंजाबीत थोरल्या काकांना तसं म्हणतात. तायाजी आबांना नावानं कधी हाक मारत नसत, "ओ फौजी!" असं रस्त्यावरूनच ओरडायचे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आम्हा मुलांना वाटायचं, हे बेट रिकामं होतं आणि आमच्या वडिलांनी येऊन वसवलं. तसं नव्हतं. किनाऱ्यावर निकोबारी लोकांची गावं होती, आणि आत जंगलात शोंपेन राहतात, ते तर हजारो वर्षांपासून. मी पहिल्यांदा शोंपेन माणसं पाहिली ती रस्त्याच्या कडेला. एक पुरुष, एक बाई आणि माझ्याएवढाच एक मुलगा. तो मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, मी त्याला नवल म्हणून बघतोय. घरी आल्यावर लक्षात आलं, नवा तर मी होतो. त्यानं मला गाव विचारलं असतं तर?

बरं. आता माझ्या हातून झालेली चूक.

जमिनीत नारळ लावायचे ठरलं होतं. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे आजच्या घामाचे पैसे सातव्या वर्षी. सरकारकडून चाळीस रोपं मिळाली. आबांनी समुद्राच्या बाजूच्या सपाट जागेत खड्डे घेऊन ती लावली. दोरी धरून, अगदी संचलनासारख्या सरळ रांगेत. पण तिथे रानडुकरं फार. त्यांना पानं नको असतात. रोपाच्या बुडाशी जो मूळचा नारळ असतो ना, त्याच्या आतला गोड कोंब त्यांना हवा असतो. तो खाण्यासाठी ती अख्खं रोप उपटतात. म्हणून पहारा. रात्री आबा, आणि शाळा सुटल्यापासून अंधार पडून आबा येईपर्यंत मी. शस्त्र काय, तर घासलेटचा रिकामा डबा आणि एक काठी. डुक्कर दिसलं की डबा बडवायचा.

१९७६ च्या अखेरीची गोष्ट. माझ्या वर्गातला एक तमिळ मुलगा धावत आला आणि म्हणाला, "चल, जमीनीतून पिल्लू निघतं ते बघायचंय का?" मला वाटलं थापा मारतोय. पण थाप नव्हती. तिथे मेगापोड नावाचा एक पक्षी असतो, कोंबडीएवढा, तपकिरी. आम्ही पोरं त्याला जंगली मुर्गी म्हणायचो. हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही! किनाऱ्याजवळच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळा यांचा भलामोठा ढीग करतो, माणूस मावेल एवढा, आणि अंडी त्यात पुरून ठेवतो. पाला कुजतो, त्याची ऊब तयार होते, त्या उबेवर अंडी उबतात. पिल्लू आतून उकरत स्वतःच बाहेर येतं आणि लगेच पळायला लागतं. आई नाही, बाप नाही, कुणी शिकवायला नाही.

मी डबा तिथेच ठेवला आणि गेलो. पाच मिनिटांत येऊ म्हणून. आम्ही ढिगाशी दबा धरून बसलो. मी ढिगात हात घालून बघितला, आत खरंच उबदार होतं. पिल्लू काही येईना. आत्ता येईल, आत्ता येईल. आणि तिथला अंधार कसा पडतो ते मघाशी सांगितलंच.

परत आलो तेव्हा आबा कंदील घेऊन शेतात उभे होते. एकेका खड्ड्यापाशी थांबून मोजत होते. मी लांबच उभा राहिलो. त्यांनी सगळी रांग संपवली आणि मग म्हणाले, "तेवीस."

चाळिसातली तेवीस रोपं गेली होती.

"पहाऱ्याला कोन व्हतं?"

"मी."

"कुठं गेला व्हतास?"

"कोंबडीचा ढीग बघायला."

मला वाटलं, आता पट्टा निघणार. सैनिकानं पहारा सोडला तर त्याला काय शिक्षा होते ते मी आबांच्याच तोंडून ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "जा, जेव." मी जेवलो नाही. आईनंही आग्रह केला नाही. ती दाराशी बसून बाहेर बघत होती आणि अचानक म्हणाली, "तिथं पाऊस नव्हता, हितं हाय. पर पिकत हितंबी न्हाई." ते तिनं मला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण मला त्या रात्री पक्कं वाटलं की आता आम्ही परत जाणार, खडी फोडायला, आणि ते माझ्यामुळे.

उशिरा मी उठून शेतात गेलो. आबा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निघालं का मंग पिल्लू?"

"न्हाई."

"हं," ते म्हणाले. "एकदा मलाबी दाखव."

दुसऱ्या दिवशी तायाजी आले. त्यांनी खड्डे पाहिले, मिशीत हसले आणि माझ्याऐवजी आबांनाच झापलं. त्यांचीही सुरुवातीची रोपं अशीच गेली होती म्हणे, तीही दोन वर्षं लागोपाठ. म्हणाले, "ओ फौजी, पौधा वहाँ लगा जहाँ रात को कान पहुँचे!" म्हणजे रोप अशा जागी लाव, जिथे घरात झोपलं तरी आवाज कानावर येईल.

नवी रोपं मिळायला पाच महिने गेले. ती तेवीस रोपं आबांनी खाली न लावता घरामागच्या चढावर लावली. जमीन तिथे चांगली नव्हती, खड्डा घ्यायला दुप्पट वेळ लागायचा. पण आवाज ऐकू यायचा. आबा म्हणाले, "खालची सतरा माझी. ही तेवीस तुझी." त्यानंतर मी पहारा कधी सोडला नाही. ती झाडं मात्र कायम इतरांच्या मागे राहिली. खालच्यांना फळ धरलं तेव्हा माझी नुसतीच पानं हलवत उभी.

माझ्या झाडांना पहिले नारळ लागले १९८४ साली, आणि त्याच वर्षी मी शिकायला पुण्याला निघालो. आईनं त्यातला एक नारळ माझ्या ट्रंकेत ठेवला आणि सांगितलं, शिंगणापूरच्या महादेवाला फोड. शिखर शिंगणापूर आमच्या माण तालुक्यातच आहे. मी तो नारळ जहाजातून, रेल्वेतून, एसटीतून सांभाळत नेला. देवळाबाहेर पानफुलं विकणाऱ्या म्हातारीनं माझ्याकडे आणि त्या नारळाकडे पाहिलं. "पोरा, नारळ घरनंच आनलास व्हय? गाव कंचं?" मी तोंड उघडलं, आणि अडलं. हे समोर दिसतं तेच माझं गाव. मग घरून आणलेला नारळ कुठल्या घरचा?

१९८८ मध्ये माझ्या लग्नाला आई गावी आली, तेरा वर्षांनी. बाहेरून आली, उंबऱ्यापाशी तांब्या घेतला आणि सगळाच्या सगळा पायांवर ओतला. आजी बघत राहिली. म्हणाली, "हात सैल झाला गं तुझा." आईचा चेहरा खर्रकन उतरला. जिनं एके काळी पेल्यापेल्यानं पाऊस साठवला, तीच ही बाई. लग्न झाल्यावर आठवड्याभरात ती परत गेली. पुढचं जहाज चुकेल म्हणाली.

आता पुढचं मी थोडक्यातच सांगणार आहे.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला, आणि ग्रेट निकोबार त्याच्या अगदी जवळ. जमीन हलायची थांबेचना. माणसाला उभं राहता येत नव्हतं. आबांनी आईचा हात धरला, माझ्या धाकट्या भावानं आपली पोरं उचलली, आणि ते घरामागच्या चढावरून वर, जंगलाच्या दिशेनं गेले. मग समुद्र आला. त्याला त्सुनामी म्हणतात हे तेव्हा त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

मी पुण्यात होतो. टीव्हीवर जगभरातली दृश्यं दिसत होती, फक्त आमचं बेट दिसत नव्हतं. फोन बंद. नवव्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून भावाचा फोन आला. आमची सगळी माणसं वाचली होती. तायाजींच्या घरातली तीन गेली होती. त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही, ते राहू दे.

बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरांहून जास्त खचलं. तिथल्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावरची निकोबारी लोकांची गावं वाहून गेली. जी माणसं वाचली ती कॅम्पबेल बेच्या बाजूला आणून वसवली गेली, आणि नंतरही कित्येक वर्षं ती आपल्या जुन्या गावी जाऊ द्या म्हणून मागत राहिली. मेगापोडचे किनाऱ्यालगतचे ढीगही गेले. पुढे काही पुन्हा दिसू लागले, पण पूर्वीइतके नाहीत.

आमची खालची जमीन गेली. आबांची सतरा झाडं काही दिवस खाऱ्या पाण्यात उभी होती, मग शेंडे गळून पडले आणि नुसते खांब राहिले. चढावरची तेवीस मात्र होती तिथेच होती. तुम्ही म्हणाल, पाहा, तुमच्या चुकीचं चांगलंच झालं की! तसं म्हणू नका. त्यात माझी काही अक्कल नव्हती. मी पक्ष्याचा ढीग बघायला गेलो होतो, बस.

मी पोर्ट ब्लेअरला गेलो तेव्हा आई-आबा मदत छावणीत होते. मी दोघांची पुण्याची तिकिटं काढून नेली होती. त्याच वेळी तिथे एक कारकून फॉर्म भरून घेत होता. आईचा नंबर आला. नाव, वय, आणि मग, "गाँव?"

आईनं बेटावरच्या वसाहतीचं नाव सांगितलं.

"वो तो गया, माताजी. उसके पहले का, असली गाँव?"

आईचं हिंदी तीस वर्षांनीसुद्धा अर्धं मराठीच. ती म्हणाली, "उसके पहले का तो मायका है, साहेब. लिखो, जो बोली वो लिखो."

कारकुनानं लिहिलं. आबा माझ्याकडे बघून हसले. मी तिकिटं खिशातच ठेवली.

ते परत गेले. आधी पत्र्याच्या तात्पुरत्या घरात, त्यात दुपारी भट्टी व्हायची, मग बऱ्याच वर्षांनी पक्क्या घरात. आबा २०११ साली गेले, तिथेच.

मी शेवटचा गेलो होतो २०१९ मध्ये. आई ऐंशीच्या घरात आली होती. कानानं कमी ऐकू यायचं, पण नव्या घरातून रोज दुपारी नातवाला घेऊन ती चढावरच्या जुन्या जागेवर जायची. मी झाडं मोजली, एकवीस भरली. दोन वीज पडून गेली, असं भाऊ म्हणाला. त्यांच्या जागी आईनं नवी रोपं लावून घेतली होती, आणि बुडाशी माती ताजी उकरलेली दिसत होती. मी तिला म्हटलं, "आई, आता या वयात कुठं राखण करत बसतेस?" तिला बहुतेक ऐकू आलं नाही. घड्याळात पाच वाजले होते आणि समुद्रावर सावली पडायला लागली होती. तिनं दाराआडून पत्र्याचा डबा काढला, दोन वेळा जोरात बडवला आणि चढाकडे तोंड करून ओरडली,

"पहाऱ्याला कोन हाय रं आज?"

मी चपला घातल्या आणि निघालो.